टब घ्यायचाय? आधी डेकखाली वाकून बघा!

आधीच एक कबुली देऊन टाकते. मी पहिलीपासून कॉन्व्हेंटमध्ये. मराठी माझी सेकंड लँग्वेज, आणि 'ऱ्हस्व-दीर्घ' हा प्रकार मला आजही थर्मोडायनॅमिक्सपेक्षा अवघड वाटतो. तरीही मराठी विभागाच्या संपादिकेने "तू रात्री दोन वाजेपर्यंत मामाशी फोनवर जे काय बोलत होतीस ना, तेच लिहून दे" असं फर्मान काढलं, म्हणून हे धाडस. चुका पोटात घाला.

विषय आहे हॉट टब. हसू नका! आपल्या हॉस्टेलमध्ये गरम पाण्याचा विषय काढणं म्हणजे जखमेवर मीठ चोळणं, हे मलाही कळतं. गच्चीवरच्या सोलरचं गरम पाणी पावणेसातला संपतं. त्यानंतर नळातून जे येतं त्याला गरम म्हणायला मोठं मन लागतं. इथे एका बादलीसाठी आपण नंबर लावतो, आणि तिकडे न्यू जर्सीत माझा मामा १५०० लिटर गरम पाण्यात बसून चांदणं बघायची स्वप्नं बघत होता. ते स्वप्न आणि आपलं इंजिनियरिंगचं सेकंड इयर यांची गाठ कशी पडली, त्याची ही गोष्ट. उद्या तुमच्यापैकी निम्मी जनता तिकडे जाणार आहे, तेव्हा उपयोगी पडेल. जे जाणार नाहीत त्यांनी शेवटचा परिच्छेद तरी वाचा.

मामाचा फोन

मामाचं घर लाकडी आहे आणि घराच्या मागे, जमिनीपासून साधारण आठ फूट उंचीवर, डेक आहे. डेक म्हणजे काय? कोकणातल्या घराची पडवी घ्या, तिचं छप्पर काढा, लाकडी खांबांवर उचलून धरा आणि एका बाजूने घराच्या भिंतीला जोडा. झाला डेक! मामाकडे गणपतीला वीस-पंचवीस माणसं येतात आणि आरती झाली की प्रसादाची ताटं घेऊन सगळी त्या डेकवरच उभी असतात.

गेल्या दिवाळीनंतर आजी सहा महिन्यांसाठी तिकडे गेली. तिला गुडघ्यांचा संधिवात. तिथल्या थंडीत गुडघे असे आखडले की जिना उतरायलाही मामीचा हात लागायचा. गरम पाण्यात बसून बरं वाटेल असं मामाला कुणीतरी सुचवलं. झालं, मामा शोरूमला जाऊन आला. टब पसंत पडला: सात फूट बाय सात फूट, सहा माणसांचा, पन्नासच्या वर जेट, पाण्याखाली रंगीत दिवे आणि ब्लूटूथचे स्पीकर. डेकवर, स्वयंपाकघराच्या दाराबाहेरच ठेवायचा. विक्रेता म्हणाला, ऑफर रविवारपर्यंतच.

शनिवारी रात्री दहाला मामाचा फोन. "तू आमची इंजिनियर ना? ब्रोशर पाठवलंय, जरा बघ."

मी बघितलं. किती वेळ? पाच मिनिटं. त्यातली चार दिव्यांचे रंग बघण्यात गेली. आणि मी ठणकावून सांगितलं, "मामा, एकदम भारी आहे. घेऊन टाक!"

फोन ठेवला. माझी रूममेट सिव्हिलची आहे. बोलते कमी, सबमिशन वेळेवर करते, त्यामुळे जरा भीतीच वाटते तिची. शीटवरून मान वर न करता तिने एवढंच विचारलं, "डेक पेलेल का?"

मला उत्तर माहीत नव्हतं. माहीत नव्हतं यापेक्षा वाईट म्हणजे, हा प्रश्न माझ्या डोक्यातच आला नव्हता. आणि एसओएम मी केटी लागून का होईना, पास झालेली आहे!

हॉट टब म्हणजे नक्की काय?

पुढे जाण्याआधी थोडी ओळख. बरेच जण याला सरसकट 'जकुझी' म्हणतात. ते एका कंपनीचं नाव आहे, जसं आपण कुठल्याही फोटोकॉपीला झेरॉक्स म्हणतो तसं. जकुझी हे इटलीतून कॅलिफोर्नियात गेलेलं कुटुंब. हे भाऊ आधी विमानाचे पंखे बनवायचे, मग पाण्याचे पंप. त्यांच्यातल्या कॅन्डिडो जकुझीच्या मुलाला लहानपणीच संधिवात जडला. त्याला घरी पाण्याचा शेक-मसाज मिळावा म्हणून त्यांनी बाथटबमध्ये ठेवता येईल असा पंप तयार केला आणि १९५६ मध्ये तो बाजारात आणला. थोडक्यात, या चैनीच्या वस्तूच्या मुळाशी एका मुलाचे दुखणारे सांधे आहेत. हे वाचल्यावर आजीसाठी टब घेणं मला अजिबात चैन वाटेना.

आजचा टब म्हणजे एक मोठं कवच, बहुधा ॲक्रिलिकचं, मागून फायबरग्लासने मजबूत केलेलं. बाहेरून इन्सुलेशन, आत एक-दोन पंप, हीटर, फिल्टर, आणि वर फोमचं जाड झाकण. बाथटबसारखं रोज पाणी सोडून द्यायचं नसतं. तेच पाणी आठवडेच्या आठवडे गरम, गाळलेलं आणि जंतुमुक्त ठेवायचं असतं. 'गरम' आणि 'आठवडेच्या आठवडे' हे दोन शब्द लक्षात ठेवा. सगळा खर्च आणि सगळी कटकट त्यांच्यातच आहे.

पहिला प्रश्न: वजन

आता आकडे. रफ वहीच्या मागच्या पानावर आम्ही केलेलं गणित जसंच्या तसं देते.

पाणी ४०० गॅलन. अमेरिकन गॅलन म्हणजे ३.७८५ लिटर, म्हणजे १५१४ लिटर. एक लिटर पाणी एक किलो, म्हणजे १५१४ किलो. रिकामा टब ३८० किलो. सहा माणसं, प्रत्येकी ७५ किलो धरली तर ४५० किलो. एकूण २३४४ किलो. जुन्या मारुती ८०० चं वजन साधारण ६५० किलो. म्हणजे मामा आठ फूट उंचावर, आपल्या पावणेतीन कॉट मावतील एवढ्या जागेत, साडेतीन मारुती एकावर एक रचणार होता!

टबाखालची जागा ४९ चौरस फूट. दर चौरस फुटाला आले जवळजवळ ४८ किलो, म्हणजे १०५ पौंड. आणि अमेरिकेत घरांच्या डेकसाठी साधारणपणे लाइव्ह लोड किती धरतात? दर चौरस फुटाला ४० पौंड. अडीच पटीहून जास्त!

रात्री साडेअकराला मामाला परत फोन. तो म्हणाला, "अगं, गणपतीत पंचवीस माणसं उभी असतात तिथे. काही होत नाही."

प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर नीट देते. पंचवीस माणसं म्हणजे १८७५ किलो, कबूल. पण ती ३०० चौरस फुटांच्या डेकवर पसरलेली असतात. दर चौरस फुटाला १४ पौंडसुद्धा येत नाहीत. टब मात्र आपलं सगळं वजन एकाच कोपऱ्यात घेऊन बसतो. दुसरी गोष्ट, पाहुणे प्रसाद घेऊन तासाभरात घरी जातात. टब जात नाही. तो रात्रंदिवस, वर्षानुवर्षं तिथेच. लाकूड थोड्या वेळासाठी जेवढा भार सोसतं तेवढा कायमचा सोसत नाही, ते हळूहळू वाकत जातं. सिव्हिलवाले याला क्रीप म्हणतात. तिसरी गोष्ट, उंच खांबांवरचा डेक आडवा हलतो. टबातलं पाणी हिंदकळलं की तो धक्का त्याच खांबांना बसतो. शिवाय थंडीत वर बर्फ साचतो, त्याचं वजन वेगळंच.

आणि ते आपलं पाठ केलेलं सूत्र आठवतंय? सिम्पली सपोर्टेड बीम, पूर्ण लांबीवर सारखा भार, बेंडिंग मोमेंट डब्ल्यू एल स्क्वेअर बाय एट. त्यातला स्क्वेअर महत्त्वाचा. दोन आधारांमधलं अंतर दुप्पट केलं की मोमेंट चौपट होतो. म्हणूनच "डेक मजबूत आहे" या वाक्याला काही अर्थ नाही. खालची तुळई कुठे आहे, खांब किती अंतरावर आहेत, हे बघितल्याशिवाय काही सांगता येत नाही. हे सूत्र मी परीक्षेत किमान दहा वेळा लिहिलं असेन. कुणाच्या तरी घराखाली ते खरंच असतं, हे मात्र त्या रात्री पहिल्यांदा जाणवलं.

मामा डेकखाली गेला

मग रूममेटने पेन खाली ठेवलं आणि फोन स्वतःकडे घेतला. "मामा, टॉर्च आणि स्क्रू-ड्रायव्हर घ्या आणि डेकच्या खाली जा. मी सांगते त्याचे फोटो पाठवा."

तिने सांगितलेल्या गोष्टी अशा. आडव्या लाकडांची जाडी, उंची आणि त्यांच्यातलं अंतर. खांब कशावर उभे आहेत, नुसत्या मातीवर, दगडावर की काँक्रीटच्या पायावर? थंड प्रदेशात हिवाळ्यात जमीन जिथपर्यंत गोठते त्याच्याही खाली पाया जावा लागतो, नाहीतर गोठताना फुगणारी जमीन खांब वर ढकलते. लाकूड कुठे मऊ पडलंय का? स्क्रू-ड्रायव्हरचं टोक सहज आत घुसलं तर ते कुजलंय. आणि सगळ्यात महत्त्वाचं, डेक ज्या फळीने घराच्या भिंतीला जोडलाय ती फळी. तिला लेजर म्हणतात. ती बोल्टने बसवलीय की नुसत्या खिळ्यांनी?

वीस मिनिटांनी फोटो आले. बोल्ट एकही नव्हता. खिळे होते, तेही गंजलेले. भिंतीलगत पाणी आत जाऊ नये म्हणून पत्र्याची पट्टी लागते, ती कुठेच दिसत नव्हती. एका जागी स्क्रू-ड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला होता.

रूममेट बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मामा, टब राहू दे. इंजिनियर येऊन बघेपर्यंत या डेकवर गर्दी करू नका. आजींना तर अजिबात पाठवू नका."

पंचवीस माणसं. हातात प्रसादाची ताटं. त्यात मामाची सहा वर्षांची मुलगी, आणि फोटो काढायचा म्हटलं की सगळेच्या सगळे एका कठड्याशी. मला त्या रात्री नीट झोप लागली नाही, खरंच सांगते.

पुढच्या आठवड्यात मामाने लायसन्स असलेला स्ट्रक्चरल इंजिनियर बोलावला. त्याने तेच सांगितलं: लेजर काढून नवीन बोल्टने बसवायचा, पट्टी लावायची, कुजलेला भाग बदलायचा, तोवर डेक बंद. डेक कोसळण्याच्या घटनांत भिंतीचा हा जोड निखळणं हे नेहमी सापडणारं कारण आहे, असंही तो म्हणाला. टब हवाच असेल तर दोन पर्याय. टबाच्या बरोबर खाली नवीन तुळई, नवीन खांब आणि त्यांना स्वतंत्र पाया. नाहीतर सरळ जमिनीवर, डेकला लागून, काँक्रीटचा चार इंची स्लॅब.

इथे एक गोष्ट ठळक करून सांगते. आमच्या रफ वहीतल्या गणिताचं काम फक्त 'थांब' म्हणण्यापुरतं होतं. 'चालेल' म्हणायचा अधिकार आम्हाला नाही. तो ज्याच्या सहीला किंमत आहे त्याचा. तिकडे बहुतेक गावांत टबासाठी आणि डेकच्या कामासाठी परमिटही लागतं. मामाला आधी ती कटकट वाटली होती. खिळ्यांचे फोटो बघितल्यावर वाटली नाही.

दुसरा प्रश्न: वीज

डेकचा निकाल लागला, पण टब अजून ठरायचाच होता. आता माझा विषय आला, उष्णता!

१५०० लिटर पाणी १० अंशांवरून ४० अंशांवर न्यायचं. १५०० गुणिले ४.१८६ गुणिले ३०, म्हणजे साधारण १ लाख ८८ हजार किलोज्यूल. भागिले ३६००, म्हणजे ५२ युनिट. तुलना करून बघा. आपली १८ लिटरची बादली २० अंशांवरून ४५ वर न्यायला साधारण अर्धं युनिट लागतं. म्हणजे एक टब बरोबर शंभर बादल्या! आपला अख्खा मजला अंघोळ करून परत रांगेत उभा राहील.

आता ही ५२ युनिट द्यायला हीटर केवढा? तिकडे घरात १२० व्होल्टचे सॉकेट असतात आणि मोठ्या उपकरणांसाठी २४० व्होल्टची वेगळी लाइन घेता येते. काही टब सरळ १२० व्होल्टच्या सॉकेटला लागतात. दिसायला सोपं. पण १२० गुणिले १५ अँपियर म्हणजे जेमतेम १८०० वॅट, त्यातच पंपही चालवायचा. हीटरच्या वाट्याला साधारण एक किलोवॅट उरतो. ५२ युनिटला ५२ तास! शिवाय अशा बऱ्याच टबांत जेट जोरात चालू केले की हीटर बंद पडतो, म्हणजे ऐन थंडीत आपण आत बसलेलो असतानाच पाणी निवत जातं. २४० व्होल्टच्या टबात साडेपाच किलोवॅटचा हीटर असला तर तेच काम साडेनऊ तासांत. त्याला इलेक्ट्रिशियनकडून वेगळी लाइन ओढून घ्यावी लागते, बहुधा ५० अँपियरची, तिचा खर्च वेगळा. टबाच्या किमतीत तो आधीच मिळवून ठेवा. लाइन गळती ओळखून तुटणाऱ्या ब्रेकरवरच हवी (आपल्याकडच्या ईएलसीबीसारखा), आणि बंद करायचा स्विच डोळ्यासमोर, पण पाण्यापासून किमान ५ फूट लांब. ओल्या हाताने पोचता येऊ नये म्हणून.

पण पाणी तापवणं एकदाच. खरी वीज जाते ते गरम ठेवण्यात. आणि उष्णता सगळ्यात जास्त कुठून पळते? वरून, वाफेवाटे. एक किलो पाणी वाफ होऊन उडालं की सोबत साधारण २४०० किलोज्यूल घेऊन जातं, म्हणजे पाऊण युनिटच्या जरा खाली. म्हणून जेटपेक्षा झाकण महत्त्वाचं. जाड फोमचं, मध्ये उंच आणि कडेला उतरतं, म्हणजे पाणी आणि बर्फ साचत नाही. झाकण उचलताना आधीपेक्षा जड लागायला लागलं की समजायचं, फोमने पाणी प्यायलं, आता बदला.

दोन टबांची तुलना करायची तर एक सोपा आकडा आहे. कॅलिफोर्निया राज्याने असे तयार टब झाकण लावून नुसते गरम ठेवायला किती वॅट खातात, यावर मर्यादा घातली आहे, आणि तो आकडा टबाच्या लेबलवर असतो. ४०० गॅलनच्या टबासाठी मर्यादा साधारण २४४ वॅट येते. म्हणजे दिवसाला सहा युनिटच्या आत, महिन्याला १७५. न्यू जर्सीच्या हिवाळ्यात बाहेरची हवा त्या चाचणीतल्यापेक्षा खूप थंड असते, त्यामुळे प्रत्यक्षात जास्तच लागणार. पण दोन टबांत ज्याचा हा आकडा कमी तो चांगला, एवढं नक्की कळतं.

तिसरा प्रश्न: जेट मोजायचे का?

नाही! पंप तोच असेल तर पन्नास जेट म्हणजे पन्नास वाटेकरी. कमी जेट, पण प्रत्येकाला भरपूर पाणी, हे कितीतरी बरं. ब्रोशरमध्ये '५ एचपी' लिहिलेलं असतं, त्यावरही लगेच भुलू नका. पंपाच्या प्लेटवरचे अँपियर बघा. २४० व्होल्ट आणि १० अँपियर म्हणजे २४०० वॅट. एक एचपी ७४६ वॅट. कितीही ओढून ताणून ३.२ एचपीच्या वर जात नाही. मग पाच कुठून आले? क्षणभर मिळणारा पीक आकडा छापलेला असतो. मामाने विक्रेत्याला हे विचारलं तर तो म्हणे, "सर, तुम्ही या क्षेत्रातले आहात का?" मामाने ऐटीत सांगितलं, "भाची आहे!"

दिवे आणि स्पीकर यांच्याबद्दल एवढंच, सगळ्यात आधी तेच बिघडतात अशी तिथल्या शेजाऱ्यांची तक्रार.

आणि 'सहा माणसांचा' म्हणजे खांद्याला खांदा लावून, आपल्या एसटीसारखी सहा. म्हणून विकत घेण्याआधी पाण्याने भरलेल्या टबात बसून बघायची सोय अनेक शोरूममध्ये असते, ती वापरा. आजीला मामी घेऊन गेली. आजी चार फूट दहा इंच. आडवं पडायच्या सीटवर बसवलं तर ती कागदाच्या होडीसारखी तरंगायलाच लागली! आजी नववारीतली, त्या दिवशी मामीच्या ट्रॅकसूटमध्ये, ते वर्णन मी संपादिकेच्या विनंतीवरून गाळते आहे. पण निष्कर्ष महत्त्वाचा: सरळ बसायच्या सीट, आडवी सीट नको.

चौथा प्रश्न: पाणी कोण सांभाळणार?

ब्रोशरमध्ये हे शेवटच्या पानावर बारीक अक्षरात असतं. ३८-४० अंशांचं पाणी माणसाला जेवढं आवडतं तेवढंच जंतूंना. गरम पाण्यात क्लोरीन लवकर संपतं. अमेरिकेची आरोग्यसंस्था सीडीसी सांगते, हॉट टबात क्लोरीन किमान ३ पीपीएम आणि पीएच ७.० ते ७.८ च्या मध्ये असावा. पट्टी बुडवून रंग बघायचा, एवढं सोपं आहे. फक्त ते नियमित करायचं.

नाही केलं तर? अंगावर पुरळ येणं हे सगळ्यात कमी. १९९९ मध्ये नेदरलँड्समधल्या बोव्हेनकार्स्पेल गावी फुलांच्या प्रदर्शनात एक व्हर्लपूल नुसता बघायला चालू ठेवला होता. त्याच्या तुषारांतून लिजिओनेलाचे जंतू पसरले आणि ३० हून जास्त माणसं दगावली. टबात बसलेली नव्हे, जवळून नुसती चालत गेलेली!

पाणी बदलायचा एक सोपा नियम आहे: गॅलन भागिले ३, भागिले रोजची माणसं, येतील तेवढे दिवस. ४०० गॅलन आणि दोन माणसं म्हणजे ६६ दिवस. २५० गॅलनचा टब असेल तर ४१. म्हणजे छोटा टब हलका आणि स्वस्त, पण त्याचं पाणी लवकर बदलावं लागतं.

पाचवा प्रश्न: आत कोण बसणार?

टबाचं पाणी जास्तीत जास्त १०४ फॅरनहाइट, म्हणजे ४० सेल्सियस. त्याच्या वर नाही. आजीला बीपीची गोळी चालू आहे. गरम पाण्यात रक्तवाहिन्या पसरतात, बीपी खाली येतं, आणि झटकन उठलं की चक्कर येते. म्हणून मामाने टब ठरवायच्या आधी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी तिच्यापुरतं ठरवून दिलं: ३७ अंश, दहा मिनिटं, सोबत कुणीतरी हवंच. गरोदर बाईने डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नये आणि पाच वर्षांखालच्या मुलांना आत घेऊ नये.

मुलांचा अजून एक धोका म्हणजे पाणी ओढून घेणारी जाळी. २००२ मध्ये ग्रेम बेकर नावाची सात वर्षांची मुलगी हॉट टबाच्या जाळीच्या ओढीत अडकून बुडाली. तिच्या आईच्या प्रयत्नांतून २००७ मध्ये अमेरिकेत तिच्याच नावाचा कायदा झाला आणि अशी ओढ बसणार नाही अशाच जाळ्या विकायचं बंधन आलं. म्हणून जुना, सेकंडहँड टब स्वस्तात मिळाला तरी जाळी तुटलेली किंवा जुन्या पद्धतीची असेल तर नको. आणि झाकणाला कुलूप हवं. मामाची मुलगी सहा वर्षांची आहे, आणि सहा वर्षांची मुलं कुठे चढतील ते सांगता येत नाही.

मग घेतला कुठला?

चार माणसांचा, २५० गॅलनचा. २४० व्होल्टचा. जेट तेवीस. सगळ्या सीट सरळ. झाकणाला कुलूप, चढायला दोन रुंद पायऱ्या आणि धरायला दांडा. दिवे नाहीत, त्यामुळे मामाची मुलगी अजून माझ्यावर रुसलेली आहे. थंडी ओसरल्यावर जमिनीवर स्लॅब टाकला. त्याच्या एका बाजूला तीन फूट मोकळी जागा ठेवली, कारण पंप बिघडला तर दुरुस्तीवाला आत कुठून शिरणार? डेकलाही नवीन बोल्ट बसले.

आजीला परत यायच्या आधी तीनच आठवडे टब मिळाला. गुडघे बरे झाले असं मी म्हणणार नाही, संधिवात असा जात नाही. पण ती फोनवर म्हणाली, "पाण्यातून निघाल्यावर तासभर जिना मी एकटी चढते." आणि वर, "आमच्या वज्रेश्वरीच्या कुंडाला कधी वीज लागली नाही हो!" खरंच आहे. तिथे हीटर जमिनीतच आहे.

आता तो शेवटचा परिच्छेद. आपल्या गरम पाण्यासाठी विद्यार्थी प्रतिनिधींनी बाथरूमच्या स्लॅबवर आणखी एक हजार लिटरची टाकी ठेवायची मागणी केली आहे. माझा पूर्ण पाठिंबा, सही पहिली माझी. पण हजार लिटर म्हणजे हजार किलो, आणि ती टाकीसुद्धा पाहुण्यांसारखी तासाभरात घरी जाणार नाही. तेव्हा रेक्टर सरांना विनंती, टाकी वर चढवायच्या आधी खालून कुणीतरी स्लॅब बघून घ्या. सिव्हिल डिपार्टमेंट समोरच्याच इमारतीत आहे. आणि मुलांनो, पाच मिनिटांत "भारी आहे, घेऊन टाक" म्हणू नका. मी म्हटलं होतं.